चर्चची शाळा, सरकारचा पैसा



आपल्या गावच्या शाळेत सकाळी काय होते ते आपण सारेच जाणतो. घंटा होते, मुले रांगा धरतात, राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, एखादी प्रार्थना होते आणि मुले वर्गात जातात. आता अशी कल्पना करा, की या वेळी मुख्याध्यापकांनी समोर दिवा लावला, एका विशिष्ट धर्माच्या ग्रंथातला उतारा वाचला, मुलांनी माना खाली घालून त्याच धर्माची प्रार्थना ऐकली; आणि शिक्षकांच्या पगारापासून विजेच्या बिलापर्यंत सारा खर्च सरकारने केला. आपल्याकडे लगेच कोणी तरी घटनेचे पुस्तक उघडील. कलम २८ आहे ना! संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही, आणि अनुदान घेणाऱ्या शाळेत ते दिले जात असले तरी पालकाच्या संमतीशिवाय मुलाला तिथे बसवायचे नाही, असे ते कलम सांगते.

इंग्लंडमध्ये मात्र हे दृश्य कायद्यानेच घडते. शाळाखाते, इन्स्पेक्टर आणि परीक्षा यांची घडी ज्या देशाकडून आपण उचलली, त्याच देशात बरं का! तिथल्या 'चर्च ऑफ इंग्लंड'च्या माध्यमिक शाळेत मुले कशी राहतात, काय शिकतात आणि परधर्माच्या मुलाचे तिथे काय होते, हे आज सांगायचे आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. माझी धाकटी बहीण गेली पुष्कळ वर्षे लंडनच्या पश्चिम भागात राहते आणि तिची मुलगी अशाच एका शाळेत जाते. तेव्हा थोडे पुस्तकातले आणि थोडे भाचीच्या तोंडचे, असे हे मिळून आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केलेला बरा. इंग्लंडमधली शाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ईटन आणि हॅरो येतात. उंच टोप्या घातलेली लॉर्डांची मुले येतात. त्या शाळा निराळ्या. त्यांची फी सामान्य माणसाने ऐकूनच गार व्हावे अशी असते. मी सांगतो आहे त्या शाळेत फी नाही. बसचालकाचे मूल आणि डॉक्टरचे मूल एका बाकावर बसते. चर्चच्या अशा शाळा इंग्लंडमध्ये सुमारे ४,६०० आहेत आणि त्यांत दहा लाखांच्या आसपास मुले शिकतात. त्यांतल्या बहुतेक प्राथमिक, आणि पुष्कळशा खेड्यांतल्या. माध्यमिक शाळा दोनशेंच्या थोड्या वर, म्हणजे फारच थोड्या. म्हणूनच तिथे प्रवेशासाठी झुंबड असते. पण त्याकडे मागाहून येऊ.

इंग्लंडचे चर्च ही राजमान्य धर्मसंस्था आहे. १५३४ साली आठव्या हेन्री राजाने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि आपल्या देशातल्या चर्चचा प्रमुख तो स्वतः झाला. आजही राजगादीवर जो असेल तोच या चर्चचा अधिपती असतो. साऱ्या देशाची वाटणी पॅरिशमध्ये झालेली आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. आपल्याकडे गावाला शीव असते ना, तशी ही चर्चची शीव. त्या शिवेच्या आतला प्रत्येक माणूस, तो चर्चमध्ये येवो न येवो, तिथल्या पाळकाने आपला मानायचा असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. शाळा शिवेच्या आतल्या सर्वांची, की चर्चमध्ये येणाऱ्यांची, हा पुढचा सगळा वाद इथूनच निघतो.

चर्चने शाळा काढल्या त्या गरिबांसाठी. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात 'ग्रे कोट हॉस्पिटल' नावाची शाळा आहे. हॉस्पिटल हे नाव वाचून फसू नका. त्या शब्दाचा जुना अर्थ आश्रय देणारी संस्था असा आहे. १६९८ साली त्या पॅरिशमधल्या काही रहिवाशांनी रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांसाठी ती काढली. मुलांना राखी रंगाचा अंगरखा देत, म्हणून ग्रे कोट. तो पोशाख घातलेल्या एका मुलाची आणि एका मुलीची लाकडी मूर्ती शाळेच्या दर्शनी भिंतीवर आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून इमारतीची नासधूस झाली, ती पुन्हा उभी केली. आज ती मुलींची माध्यमिक शाळा आहे, आणि अजून चर्चचीच आहे.

अशा सुट्या सुट्या शाळांना देशभर पसरण्याचे बळ आले ते १८११ साली. त्या वर्षी 'नॅशनल सोसायटी' स्थापन झाली. प्रत्येक पॅरिशमध्ये एक शाळा काढायची, हा तिचा संकल्प. पण शिक्षक आणायचे कोठून आणि पगार द्यायचा कशातून? याचे उत्तर मिळाले ते आपल्या देशातून, आणि ही हकिकत शिक्षकबंधूंनी जरूर ऐकावी.

अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासजवळ एग्मोर येथे सैनिकांच्या मुलांच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. तिथल्या शिक्षकांचे काम त्याच्या मनास येईना. एकदा घोड्यावरून जाताना त्याने एक मलबारी शाळा पाहिली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत होती. म्हणजे आपली धूळपाटीच! बेलने ती युक्ती उचलली. त्याच्या शिक्षकांना हे काम हलके वाटले, तेव्हा त्याने एका आठ वर्षांच्या मुलालाच शिक्षक केले. पुढे सगळी शाळाच तशी लावली: थोडे पुढे गेलेल्या मुलाने मागच्याला शिकवायचे. पंतोजींच्या शाळेत पुढचा मुलगा मागच्याचे अक्षर घोटून घेई, हे आपल्याला नवे नाही. बेलने १७९७ साली यावर पुस्तिका छापली, आणि नॅशनल सोसायटीने त्याचीच पद्धत स्वीकारली. तिचे नाव पडले 'मद्रास पद्धती'. एक शिक्षक आणि शंभर-दोनशे मुले, असा तो मामला होता. स्वस्त खरा, पण त्यात घोकंपट्टी फार, आणि पन्नासएक वर्षांत ती पद्धत मागे पडली. बेलच्या पैशातून त्याच्या जन्मगावी, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज येथे, जी माध्यमिक शाळा निघाली तिचे नाव मात्र आजही 'मद्रास कॉलेज' आहे. इंग्लंडच्या चर्चशी तिचा संबंध नाही, पण आपल्या वाळूतल्या अक्षरांची खूण म्हणून सांगितले.

पैशाची गोष्ट अशी. १८३३ साली पार्लमेंटने शाळा बांधण्यासाठी पहिल्यांदा वीस हजार पौंड दिले, ते अशा धार्मिक संस्थांच्या हाती. १८७० च्या कायद्याने जिथे शाळा नव्हती तिथे लोकनियुक्त मंडळाची शाळा आली, आणि चर्चची शाळा तिच्या शेजारी उभी राहिली. तेव्हापासून हा दुहेरी संसार चालू आहे. १९०२ साली चर्चच्या शाळांना स्थानिक करातून खर्च मिळू लागला, तेव्हा इतर पंथांच्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी तो कर भरायचे नाकारले. काही जण तुरुंगातही गेले. सगळ्यांचा पैसा एका पंथाच्या शाळेला का, हा प्रश्न तिथेही काही सुखासुखी सुटलेला नाही, हे यावरून कळेल.

तडजोड झाली ती ऐन महायुद्धात, १९४४ साली. शिक्षणमंत्री बटलर यांनी चर्चपुढे दोन वाटा ठेवल्या. पहिली: इमारतीच्या खर्चाचा निम्मा भार तुम्ही उचला; मग शाळेच्या कारभारी मंडळात बहुमत तुमचे, शिक्षक नेमणे तुमच्याकडे, प्रवेश तुमच्याकडे आणि धर्मशिक्षण तुमच्या पद्धतीचे. दुसरी: काही भार उचलू नका, मग मंडळात तुमची माणसे असतील, पण अल्पमतात, आणि धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम स्थानिक पातळीवर सर्वांच्या संमतीने ठरलेला. खेड्यापाड्यांतल्या हजारो गळक्या शाळांनी दुसरी वाट धरली. पहिली वाट धरणाऱ्यांचा वाटा पुढे सरकारने हलका हलका करीत आणला. निम्म्याचा पाव झाला, आणि २००२ पासून तो दहावा हिस्सा आहे. पगार आणि रोजचा खर्च तर सगळाच सरकारचा. २०१० नंतर यांतल्या पुष्कळ शाळा 'अकॅडमी' झाल्या आहेत, म्हणजे त्यांना पैसा थेट लंडनहून येतो. चर्चशी नाते मात्र पूर्वीसारखेच.

आता शाळेत जाऊ या. मूल अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत येते. त्या वर्गाला 'सातवे वर्ष' म्हणतात. वयाने आपली सहावी. तिथून अकराव्या वर्षापर्यंत, म्हणजे वयाच्या सोळापर्यंत, सक्तीचे शिक्षण. पुढे दोन वर्षे 'सिक्स्थ फॉर्म', आपले अकरावी-बारावी. गणवेशात कोट आणि गळ्यात टाय. भाची पहिल्या महिन्यात टाय बांधायला शिकली, तेव्हा तिने फोनवर आजीला ती बांधून दाखवली होती.

साडेआठच्या सुमारास मुले आपापल्या वर्गपालकाच्या खोलीत जमतात. हजेरी होते. मग सामुदायिक उपासना. आठवड्यातून एकदा मोठ्या दिवाणखान्यात सगळ्या वर्षाची मुले एकत्र, आणि एरव्ही वर्गातच. समोर मेणबत्ती लावतात. एक वाक्य शिक्षक म्हणतो, त्याचे उत्तर मुले एका सुरात देतात. बायबलमधली एखादी गोष्ट किंवा चार ओळी वाचल्या जातात. त्यावर कोणी तरी दोन शब्द बोलते. कधी शिक्षक, कधी शाळेचा पाळक, कधी पाळी लावून मुलेच. मग थोडा वेळ शांतता, एक लहानशी प्रार्थना, आणि ज्याला पटेल त्याने 'आमेन' म्हणायचे. दहा-पंधरा मिनिटांचे काम. हे फक्त चर्चच्या शाळेतच होते असे समजू नका. १९४४ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या प्रत्येक सरकारी शाळेला रोजची उपासना लागू केली, आणि १९८८ च्या कायद्याने ती 'मुख्यतः ख्रिस्ती वळणाची' असावी असे सांगितले. फरक एवढाच, की पुष्कळ साध्या माध्यमिक शाळांत तो नियम कागदावर राहिला आहे आणि चर्चच्या शाळेत मेणबत्ती खरोखर लागते.

नंतरचा दिवस कोणत्याही शाळेसारखा. तासातासाच्या तासिका: इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल, एखादी परभाषा, संगीत, चित्रकला, खेळ. चर्चची शाळा म्हणून गणित काही निराळे नसते. उत्क्रांतिवाद विज्ञानाच्या तासाला जसाच्या तसा शिकवतात. मधल्या सुटीत जेवणघरात रांग. आपल्या शाकाहारी मुलांना भाजलेला बटाटा आणि त्यावर घेवड्याची उसळ, हे पक्वान्न वारंवार भेटते. छडी नाही. सरकारी शाळांतली छडी १९८६ च्या कायद्याने बंद झाली. शिक्षा म्हणजे शाळा सुटल्यावर अर्धा-पाऊण तास थांबवून ठेवणे, आणि मुलांना ती छडीपेक्षा कडू वाटते म्हणतात. तीन-साडेतीनला शाळा सुटते.

जी तासिका आपल्या शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे ती 'रिलिजस एज्युकेशन'ची, म्हणजे धर्मविषयक शिक्षणाची. उपासना वेगळी आणि हा विषय वेगळा. उपासनेत देवाची प्रार्थना असते; तासात धर्माचा अभ्यास असतो. चर्चच्या शाळांत एकूण वेळेचा निदान विसावा हिस्सा या विषयाला द्यावा असा दंडक आहे, आणि सोळाव्या वर्षीच्या 'जी. सी. एस. ई.' परीक्षेला बहुतेक सगळी मुले हा विषय घेऊन बसतात. २०१६ पासून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात दोन धर्म अभ्यासणे सक्तीचे आहे. चर्चच्या शाळेत एक अर्थातच ख्रिस्ती; दुसरा इस्लाम, यहुदी, हिंदू, बौद्ध किंवा शीख यांपैकी एक.

आणि परीक्षा कशी? एका मोठ्या परीक्षामंडळाच्या प्रश्नपत्रिकेत बारा गुणांचा एक प्रश्न असतो. त्यात एक विधान दिलेले असते. समजा, 'जगात दुःख आहे, यावरूनच देव नाही हे सिद्ध होते.' विद्यार्थ्याने विधानाच्या बाजूने युक्तिवाद मांडायचा, मग विरुद्ध बाजूने मांडायचा, धर्मग्रंथांचा आधार द्यायचा आणि शेवटी आपले मत कारणांसह सांगायचे. मत कोणतेही असो. देव नाही असा निष्कर्ष काढून पूर्ण गुण मिळवता येतात आणि देव आहे असे म्हणून नापासही होता येते. श्रद्धेला गुण नाहीत, मांडणीला आहेत. चर्चने चालवलेल्या शाळेत हे घडते, याचे मला आधी नवल वाटले. मी स्वतः विद्यार्थिदशेत मूल्यशिक्षणाच्या तासाला 'खरे बोलावे' यावर वीस ओळी लिहिल्या आहेत. त्याविरुद्ध एक ओळ लिहायला मला कोणी सांगितले नव्हते.

या तासाने आमच्या भाचीची एकदा पंचाईत केली. वर्गात हिंदू धर्म निघाला. बाईंनी सहज विचारले, की तुमच्या घरी आरती कशासाठी करतात? वर्गात ती एकटीच हिंदू. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिला टाळ्या कधी वाजवायच्या हे ठाऊक होते, आरती कशासाठी ते ठाऊक नव्हते. रात्री वाईला आजीला फोन. आमची आई म्हणाली, "अगं, अंधाऱ्या गाभाऱ्यात देवाचं तोंड दिसावं म्हणून दिवा ओवाळतात. आधी बघायचं, मग मागायचं." दुसऱ्या दिवशी भाचीने ते वर्गात सांगितले. बाईंनी ते फळ्यावर लिहून ठेवले. आजीचा हा अर्थ शास्त्राला किती धरून आहे ते पंडितांनी ठरवावे.

वर्षाची चाकोरी चर्चच्या पंचांगाने चालते. सप्टेंबरात शाळा सुरू होते. शरदात सुगीचा सण येतो. पूर्वी शेतकरी पहिले धान्य चर्चमध्ये आणून ठेवीत. आता शहरातली मुले डबाबंद अन्न आणतात आणि ते गरजूंच्या अन्नपेढीकडे जाते. ११ नोव्हेंबरला महायुद्धांत पडलेल्यांसाठी दोन मिनिटे शांतता. डिसेंबरात नाताळची गाणी. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास राखेचा बुधवार; पाळक ज्याची इच्छा असेल त्याच्या कपाळावर राखेने क्रूस काढतो, आणि आपल्याला अंगाऱ्याची आठवण येते. मग ईस्टर. जुलैच्या अखेरीस निरोपाची उपासना आणि सहा आठवड्यांची सुटी. मी गेलो होतो तेव्हा नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम ऐकला. थंडी मी म्हणत होती. दगडी चर्चमध्ये सहाशे मुले हातांत मेणबत्त्या घेऊन गात होती. माझ्या पुढच्या बाकावर एक शीख आजोबा बसले होते आणि त्यांचा नातू वाद्यवृंदात तुतारीसारखे एक वाद्य वाजवीत होता.

इथवर सगळे गोड. आता प्रवेशाकडे वळू.

शाळेत जागा शंभर आणि अर्ज पाचशे, अशी अवस्था झाली की चर्चची शाळा धर्म पाहून निवड करू शकते. २०१० च्या समानतेच्या कायद्यात तशी सवलत आहे. जागा रिकाम्या असतील तर मात्र कोणालाही नाकारता येत नाही. निवड कशी करतात? अर्जासोबत पाळकाच्या सहीचे पत्र लागते: हे कुटुंब गेली इतकी वर्षे, महिन्यातून इतक्या वेळा उपासनेला येते. शाळेचे नाव चांगले असले की आसपासच्या चर्चमध्ये दहा वर्षांच्या मुलांचे आईबाप एकाएकी भाविक होतात, आणि मूल शाळेत लागले की पुष्कळांची भक्ती आटते. इंग्रज स्वतःच थट्टेने म्हणतात, की फीचे पैसे वाचवायचे असतील तर गुडघे टेका. पाळकालाही ठाऊक असते. पण आलेल्याला परत कसे पाठवायचे?

परधर्मीयांचे काय? काही शाळा त्यांच्यासाठी थोड्या जागा ठेवतात, आणि काही शाळा तिथेही भक्तीचा दाखला मागतात. भाचीच्या शाळेचा नियम असाच होता. बहीण आणि मेहुणे देवळात जात ते गणपतीला आणि दिवाळीला. अर्जाला दोन वर्षे असताना त्यांना हे कळले. मग दर रविवारी सकाळी उठून लंडनमधले एक देऊळ! पुजारीबुवांनी सही दिली खरी, पण देताना हसले. बहीण मला म्हणाली, "दादा, इथं देवाकडेसुद्धा हजेरीपट असतो." मी विचारले, "आता जाता का?" ती म्हणाली, "सवय झाली. जातो."

आता दुसरी बाजू. तिच्याच गल्लीत एक कुटुंब राहते. चर्चची दुसरी एक माध्यमिक शाळा त्यांच्या दारातून दिसते. त्यांच्या मुलाला तिथे जागा मिळाली नाही. तो रोज दोन बस बदलून लांब जातो. आणि सकाळी त्यांच्याच दारावरून, चार-पाच मैलांवरून आलेली मुले त्या शाळेत शिरतात, कारण त्यांच्याकडे पत्र आहे. त्या घरातला माणूस मला म्हणाला, "मी कर भरतो, त्यातून ही शाळा चालते. माझं मूल रस्ता ओलांडू शकत नाही." याला काय उत्तर द्यायचे? चर्च म्हणते, की आमच्या बहुतेक शाळा आसपासच्या सर्व मुलांना घेतात, धर्म विचारीत नाहीत. आणि प्राथमिक शाळांच्या बाबतीत ते पुष्कळसे खरे आहे. २००१ साली डिअरिंग समितीने चर्चला शंभर माध्यमिक शाळा वाढवायला सांगितले, तेव्हा नव्या शाळांत काही जागा मोकळ्या ठेवाव्यात असेही सुचवले होते. पण जिथे झुंबड आहे तिथेच ही कसोटी लागते, आणि तिथेच पॅरिशची ती जुनी शीव आकसून चर्चच्या बाकांएवढी होते. माझे मत विचाराल तर, रस्त्यापलीकडच्या मुलाला जागा द्यावी. राखी अंगरखे वाटणाऱ्या त्या वेस्टमिन्स्टरच्या रहिवाशांनी पाहिली होती ती मुलांची गरज.

एकदा आत आलेल्या मुलाच्या मनाचे रक्षण मात्र या लोकांनी फार पूर्वी विचारपूर्वक केले आहे. १८७० च्या कायद्यात एक कलम होते: पालकाने सांगितले तर मुलाला धार्मिक पाठातून वगळायचे, आणि तो पाठ शाळेच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवायचा, म्हणजे वगळलेल्या मुलाचा दुसरा अभ्यास बुडणार नाही. किती बारकाईचा विचार! आजही पालक कारण न सांगता मुलाला उपासनेतून आणि धर्माच्या तासातून काढून घेऊ शकतो. चर्चचे स्वतःचे सांगणेही असे, की उपासनेचे मुलाला आमंत्रण असावे, सक्ती नसावी. कायदा आणि वर्ग यांत अंतर असते हे मात्र शिक्षकांना सांगायला नको. सगळा वर्ग दिवाणखान्यात गेल्यावर एकट्याने बाहेर बसणे अकरा वर्षांच्या मुलाला सोपे नसते. म्हणून हक्क असून वापरणारे थोडे.

या बाबतीत आपल्या एका विदुषीची आठवण होते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील चर्चच्या भगिनींच्या मठात राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८४ ते १८८६ त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या. नाव कॉलेज असले तरी ती शाळाच, आणि इंग्लंडच्या चर्चच्या शिकवणीला धरून चालणारी. तिथे त्या इंग्रजी, गणित, विज्ञान शिकत आणि संस्कृत शिकवीत. मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांचा त्यांच्यावर लोभ होता. पण रमाबाईंनी इंग्रज तरुणांना शिकवावे, ही कल्पना हिंदुस्थानातल्या बिशपांना रुचली नाही, आणि त्यांनी हरकत घेतली. शिवाय चर्चचा प्रत्येक सिद्धान्त गुरूने सांगितला म्हणून मानायला रमाबाई तयार नव्हत्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी आणि बील बाईंशी त्यांचा पत्रांतून जो वाद झाला तो पुढे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला आहे. तालुक्याच्या वाचनालयात मिळाला तर शिक्षकांनी जरूर पाहावा. विशेष असे, की बील बाई रमाबाईंच्या शंकांवर रागावलेल्या दिसत नाहीत. त्या उत्तरे लिहीत राहतात. आजच्या त्या बारा गुणांच्या प्रश्नाचे मूळ मला अशा पत्रांत दिसते. इतिहासकाराला असे मूळ दाखवता येईल की नाही, ते मी सांगत नाही.

गेल्या सप्टेंबरात भाची सिक्स्थ फॉर्ममध्ये गेली. सक्तीचे वय ओलांडलेल्या विद्यार्थ्याला उपासनेतून बाहेर राहायचे असेल, तर पालकाची सही लागत नाही, त्याची स्वतःची पुरते, असा तिथला नियम आहे. तिच्या वर्गातल्या तिघांनी अर्ज दिला. एक मुसलमान मुलगी, एक देव न मानणारा, आणि एक पाळकाचाच मुलगा! तिघे त्या वेळी वाचनालयात बसतात. मी फोनवर भाचीला विचारले, की तू काय करणार? ती म्हणाली, "मामा, वाचनालयात त्या वेळी खिडकीजवळची जागा मिळते. पण या महिन्यात मेणबत्ती लावायची पाळी माझी आहे. पुढच्या महिन्यात बघते."